शंकेची मर्यादा

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. १९२८ मध्ये याच दिवशी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध जाहीर केला. दोन वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शाळाशाळांतून त्या दिवशी प्रदर्शने भरतात, भाषणे होतात, रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. या सोहळ्यात एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन कोलकात्यात द्रवपदार्थांवर प्रयोग करीत होते, त्याच सुमारास मॉस्कोमध्ये लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम हे दोन शास्त्रज्ञ स्फटिकांवर प्रयोग करीत होते. एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना दोन देशांत, दोन प्रकारच्या पदार्थांत, एकच परिणाम दिसून आला. रामन यांची प्रतिष्ठा मोठी होती, म्हणून जगाने तो परिणाम खरा मानला असे झाले नाही. ज्याच्याजवळ योग्य उपकरण होते त्या कोणालाही तो पाहता आला, म्हणून तो खरा ठरला.

विज्ञानावर भरवसा का ठेवायचा, या प्रश्नाचे पहिले उत्तर या लहानशा घटनेत आहे. मात्र ते शेवटचे उत्तर नाही. कारण आज आपल्या घराघरांत विज्ञानाविषयी दोन परस्परविरोधी वृत्ती एकाच वेळी नांदत आहेत. 'विज्ञानाने सिद्ध झाले आहे' एवढे चार शब्द उच्चारले की पुढे विचार करण्याची गरज उरत नाही, असे काहींना वाटते. दुसऱ्या बाजूस 'हे लोक काल एक सांगतात, आज दुसरे. यांच्यावर कशाला विश्वास ठेवायचा?' असा सूर आहे. तूप वाईट, मग तूप चांगले; नारळाचे तेल घातक, मग नारळाचे तेल गुणकारी; रोज एक नवे संशोधन आणि रोज एक नवा गोंधळ. गंमत अशी की ही दोन्ही माणसे पुष्कळदा एकच असतात. आपल्या मताला अनुकूल बातमी आली की ती पहिल्या पंथात जातात, प्रतिकूल बातमी आली की दुसऱ्या. म्हणून या प्रश्नाकडे थोडे शांतपणे पाहणे आवश्यक आहे. हा केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गातला प्रश्न नाही. घरातल्या आजाऱ्याला कोणते औषध द्यायचे, इथपर्यंत तो येऊन भिडतो. तो तसा भिडलेला आपण सर्वांनी २०२० साली पाहिला.

तो इतिहास पुन्हा आठवून पाहू. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. दिदिए राऊल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध करोनावर उपयोगी पडते, असा त्याचा आशय होता. औषध दिलेले रुग्ण होते २६. त्यांतील ६ जण हिशोबातून वगळले गेले आणि उरलेल्या २० जणांची तुलना औषध न दिलेल्या १६ जणांशी करण्यात आली. वगळलेल्या सहांमध्ये तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले होते आणि एकाचा मृत्यू झाला होता. म्हणजे ज्यांची प्रकृती बिघडली त्यांना बाजूला काढल्यावर उरलेल्यांची प्रकृती सुधारलेली दिसली! परंतु भयभीत जगाला आशेचा एक तंतू हवा होता. अमेरिकेच्या अध्यक्षांपासून गल्लीतल्या औषधविक्रेत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी त्या औषधाचे नाव झाले. हे औषध भारतात मोठ्या प्रमाणावर तयार होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मार्चमध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रतिबंधक उपाय म्हणून त्याची शिफारस केली आणि एप्रिलमध्ये भारताने ते अनेक देशांना पुरविले.

त्यानंतर २२ मे रोजी 'द लॅन्सेट' या दोनशे वर्षांच्या परंपरेच्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात एक भलामोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये, ९६,०३२ रुग्ण. आणि निष्कर्ष असा की हे औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे आणि हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडाचे प्रमाण अधिक आहे. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांतील या औषधाचा वापर स्थगित केला. भारताने मात्र आपली शिफारस मागे घेतली नाही. काही दिवसांतच जगभरातील शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी त्या अभ्यासावर जाहीर शंका उपस्थित केल्या. ऑस्ट्रेलियातील मृत्यूंची जी संख्या त्यात दिली होती ती त्या तारखेपर्यंतच्या त्या देशाच्या एकूण नोंदलेल्या मृत्यूंपेक्षाही अधिक होती. 'सर्जिस्फिअर' नावाच्या ज्या छोट्या अमेरिकन कंपनीने ही माहिती पुरविली होती, तिने मूळ नोंदी तपासणीसाठी देण्याचे नाकारले. ४ जून रोजी, म्हणजे प्रसिद्धीनंतर अवघ्या दोन आठवड्यांत, तो निबंध मागे घेण्यात आला.

त्या दिवशी आपल्याकडे अनेकांना आनंद झाला. परदेशी नियतकालिक तोंडघशी पडले, भारताने घेतलेली भूमिका योग्य ठरली, असा तो आनंद होता. तो स्वाभाविक होता, पण तर्काच्या कसोटीवर उतरणारा नव्हता. कारण दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या चाचणीचा निकाल जाहीर झाला. त्या चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या १,५४२ रुग्णांपैकी २५.७ टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. हे औषध न दिलेल्या ३,१३२ रुग्णांत हे प्रमाण २३.५ टक्के होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या फरकाला अर्थ नव्हता. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना या औषधाचा लाभ होत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उपचारसूचीतूनही हे औषध वगळण्यात आले. आणि ज्या फ्रेंच निबंधापासून या सगळ्याचा प्रारंभ झाला, तो निबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला.

या प्रकरणाचा पहिला धडा आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी सांगून ठेवला आहे. हेतू दुष्ट असला तर अनुमान कोसळते. परंतु अनुमान कोसळले म्हणून साध्य खोटे ठरत नाही. सरोवरावरचे धुके पाहून कोणी 'तिथे आग आहे' असे म्हणाला तर त्याचा युक्तिवाद चुकीचा आहे. तेवढ्यावरून पलीकडच्या तीरावर खरोखरच आग नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. 'लॅन्सेट'मधील निबंध निराधार होता. त्याच्या विरोधात असलेला पक्ष त्यामुळे आपोआप खरा ठरला नाही. आपल्या विरोधकाचा पुरावा बनावट निघाला म्हणजे आपला दावा सिद्ध झाला, हा भ्रम न्यायालयात चालत नाही आणि प्रयोगशाळेतही चालत नाही. सार्वजनिक वादांत मात्र तो सर्रास चालतो, आणि त्या भ्रमात सर्वच पक्ष सारख्याच उत्साहाने सहभागी होतात.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. ९६ हजार रुग्णांची नोंद निरुपयोगी ठरते आणि साडेचार हजारांची चाचणी निर्णायक ठरते, असे का? याचे उत्तर पुन्हा न्यायशास्त्रातील 'उपाधी' या संकल्पनेत सापडते. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जिथे अग्नी तिथे धूर, ही खोटी. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या इंधनामुळे. अग्नी आणि धूर यांच्या संबंधात हे ओले इंधन गुपचूप शिरलेले असते, म्हणून ती उपाधी. ती ओळखली नाही तर अनुमान फसते. रुग्णालयांच्या नोंदी चाळून जेव्हा आपण 'ज्यांना औषध दिले ते अधिक दगावले' असे म्हणतो, तेव्हा औषध बहुधा अधिक गंभीर रुग्णांनाच दिले गेले असेल, ही उपाधी तिथे दडलेली असते. उलट 'ज्यांना औषध दिले ते बरे झाले' असे म्हणताना, ते औषधाविनाही बरे झालेच असते, ही शक्यता दडलेली असते. सर्दी औषध घेतल्यास सात दिवसांत आणि न घेतल्यास आठवड्याभरात बरी होते, असे आपल्याकडे विनोदाने म्हणतात. त्या विनोदात संशोधनपद्धतीचा एक अख्खा धडा सामावला आहे.

या उपाधी दूर करण्यासाठी विसाव्या शतकातील वैद्यकाने एक साधी युक्ती काढली. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टरने ठरवायचे नाही, रुग्णानेही नाही. ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. संख्या पुरेशी मोठी असली की वय, पूर्वीचे आजार, आर्थिक परिस्थिती, जगण्याची उमेद, या साऱ्या उपाधी दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या वाटल्या जातात आणि उरतो तो केवळ औषधाचा परिणाम. याच 'रिकव्हरी' चाचणीने १६ जून २०२० रोजी डेक्सामेथासोन या जुन्या आणि अत्यंत स्वस्त औषधाचा निकालही जाहीर केला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्या पद्धतीने एका गाजलेल्या औषधाचा फुगा फोडला, त्याच पद्धतीने न गाजलेल्या एका औषधाची योग्यता दाखवून दिली. पद्धतीला कोणाचा पक्ष नसतो, तो असा.

येथे एक मूलभूत आक्षेप उभा राहतो. पद्धत कितीही चोख असली तरी अखेर ती काही हजार रुग्णांवरून पुढच्या कोट्यवधींविषयी बोलते. कालच्या अनुभवावरून उद्याविषयी बोलते. हा अधिकार तिला कोणी दिला? युरोपात अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम यांनी हा प्रश्न विचारला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान त्याने आजवर अस्वस्थ आहे. आपल्याकडे तो त्याच्या कितीतरी आधी चार्वाकांनी विचारला होता. स्वयंपाकघरात दहा वेळा धूर आणि अग्नी एकत्र पाहिले म्हणून सर्व काळी, सर्व ठिकाणी ते एकत्रच असतील हे कशावरून? सर्व काळ आणि सर्व ठिकाणे तर कोणीच पाहिलेली नाहीत. म्हणून प्रत्यक्ष तेवढे प्रमाण, अनुमान नाही, असा त्यांचा पक्ष होता. या आक्षेपाची टवाळी करून आपल्या आचार्यांनी तो उडवून लावला नाही. शतकानुशतके त्याला गंभीरपणे उत्तरे दिली गेली.

त्यांतले मिथिलेच्या उदयनाचार्यांचे आणि त्यांच्यानंतर गंगेश उपाध्यायांचे उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे. शंका घेण्यास कोणाचीच हरकत नाही. परंतु शंकेलाही एक मर्यादा असते. शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वागणेच जिथे त्या शंकेला खोटे पाडते, तिथे ती मर्यादा येते. अग्नीपासून धूर होतो याविषयी शंका घेणारा मनुष्य धूर हवा असला की अग्नीच पेटवतो. अन्नाने भूक भागते याविषयी शंका घेणारा भूक लागली की जेवायलाच बसतो. मग त्याची शंका केवळ जिभेवर आहे, मनात नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर विज्ञानाच्या विश्वासार्हतेवर दोन तास व्याख्यान देणारा गृहस्थ ते देण्यासाठी विमानाने येतो, ध्वनिक्षेपकावरून बोलतो आणि छातीत कळ आली की हृदयरोगतज्ज्ञाकडे धाव घेतो. त्याने यांपैकी काही करू नये असे नाही. आपण नेमके कशावर शंका घेत आहोत, याचा त्याने विचार करावा एवढेच.

न्याय आणि मीमांसा या दोन दर्शनांत ज्ञानाच्या प्रामाण्यावरून जो प्रदीर्घ वाद झाला, तोही येथे उपयोगी पडतो. मीमांसकांच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असते. ते बाधित होईपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा. नैयायिकांच्या मते ज्ञान खरे की खोटे हे त्या ज्ञानाच्या बाहेर जाऊन, त्यानुसार केलेली प्रवृत्ती सफल होते की नाही यावरून ठरते. दूर पाणी दिसले. ते पाणी की मृगजळ, हे तिथे जाऊन तहान भागल्यावरच कळते. आधुनिक विज्ञान या बाबतीत नैयायिकांच्या पंगतीला बसते. शास्त्रज्ञाला वाटणारी खात्री, त्याचे पद, त्याचे पुरस्कार यांना तेथे पुराव्याचे मोल नाही. तिथे जाऊन पाणी पिऊन पाहा, ही त्याची अट आहे.

पण 'पाणी पिऊन पाहा' हे म्हणायला जितके सोपे, तितके करायला नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ मध्ये असे मांडले की जो सिद्धान्त खोटा ठरण्याचा धोका पत्करतो तोच वैज्ञानिक. ही कसोटी उत्तम आहे. तथापि ती कशी वापरायची याविषयी इतिहास सावध करतो. युरेनस हा ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. मग न्यूटन खोटा ठरला काय? फ्रान्सच्या ले व्हेरिए यांनी तसे मानले नाही. पलीकडे आणखी एक अज्ञात ग्रह असला पाहिजे, असे गृहीत धरून त्यांनी त्याचे स्थान गणिताने काढले. आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुध ग्रहाच्या कक्षेतही विसंगती आढळली. १८५९ मध्ये ले व्हेरिए यांनी तोच उपाय योजला. सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा, असे त्यांनी सांगितले. त्याला 'व्हल्कन' हे नावही मिळाले, तो पाहिल्याचे दावेही झाले. पण तो ग्रह कधीच नव्हता. नेपच्यून सापडला त्याच तारखेला, २३ सप्टेंबरला, १८७७ मध्ये ले व्हेरिए निवर्तले. शतकास ४३ विकला एवढ्या त्या सूक्ष्म विसंगतीचे उत्तर नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धान्ताने दिले. म्हणजे या वेळी दोष खरोखरच न्यूटनच्या सिद्धान्तात होता!

माणूस तोच, बुद्धी तीच, पद्धत तीच. एकदा यश, एकदा अपयश. विसंगती दिसल्यावर सिद्धान्त टाकायचा की एखादे गृहीत बदलायचे, हे आधी सांगणारा कोणताही यांत्रिक नियम नाही. ते काळाच्या ओघात, अनेकांच्या परिश्रमांतून ठरते. 'विज्ञानात सर्व काही निश्चित असते' असे मानणाऱ्याने ही कथा ध्यानात ठेवावी. आणि 'विज्ञान बदलत राहते म्हणून ते भरवशाचे नाही' असे म्हणणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की आइन्स्टाइन आल्यावर न्यूटनचे गणित रद्दीत गेले नाही. आजही पूल त्याच गणितावर उभे राहतात. आपल्या क्षेत्रापुरते ते खरे होते आणि खरेच राहिले; त्या क्षेत्राची सीमा कुठे संपते तेवढे नव्याने कळले.

विज्ञान माणसे करतात, आणि माणसांचे गुणदोष त्यात उतरतात हे नाकारण्यात अर्थ नाही. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे. १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाताना जहाजावर त्यांनी गणित मांडले की सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक वस्तुमानाचा तारा श्वेतबटू म्हणून स्थिर राहू शकणार नाही. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी हे मांडले आणि त्या काळचे सर्वश्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी भर सभेत त्याची खिल्ली उडविली. अधिकाराचा दबाव असा की ज्यांना चंद्रशेखर यांचे म्हणणे पटत होते, तेही जाहीरपणे बोलेनात. त्या शोधाच्या वाटेत अनेक वर्षे वाया गेली. परंतु अखेरीस तारे एडिंग्टन यांच्या प्रतिष्ठेप्रमाणे वागले नाहीत. १९८३ मध्ये चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लक्षणीय गोष्ट ही की चंद्रशेखर यांनी मधल्या काळात 'माझ्यावर अन्याय झाला' असा टाहो फोडला नाही. ते गणित करीत राहिले, आणि एडिंग्टन यांच्याविषयीचा आदरही त्यांनी अखेरपर्यंत जपला. नाकारला गेलेला प्रत्येक जण चंद्रशेखर नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. उपेक्षा हा प्रतिभेचा पुरावा मानून स्वतःची तुलना थोरांशी करणारे पुष्कळ भेटतात. चंद्रशेखर खरे ठरले ते त्यांच्या गणितामुळे, उपेक्षेमुळे नव्हे.

हे दोष केवळ व्यक्तींपुरते राहिलेले नाहीत, ही आजची खरी चिंता आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी आपला निष्कर्ष संख्याशास्त्रदृष्ट्या ग्राह्य असल्याचे म्हटले होते. पुन्हा केल्यावर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. यात सर्वत्र लबाडी होती असे नाही. नकारात्मक निष्कर्ष कोणी छापत नाही, नोकरी आणि बढती निबंधांच्या संख्येवर अवलंबून, त्यामुळे वीस प्रयत्नांतला फळलेला एक तेवढा बाहेर येतो आणि एकोणीस कपाटात राहतात. आपल्याकडे या रोगाने अधिक उघड रूप घेतले. प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंध सक्तीचे झाले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके एका फटक्यात वगळावी लागली. ज्ञानाच्या क्षेत्रातील ही भेसळ दुधातल्या भेसळीहून कमी घातक नाही. ती थांबविण्याचे काम विद्यापीठांचे आहे, शासनाचे आहे. आणि संख्या मोजून गुणवत्ता ठरविणाऱ्या आपल्या समाजमनाचेही आहे.

एक चाचणी आपण स्वतःवरही घेतली पाहिजे. सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्यावरून १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर यांनी हेलियमचा शोध लावला, असे आपण अभिमानाने सांगत आलो आहोत. प्रत्यक्षात त्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर भारतात नव्हते. फ्रान्सचे जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून ते ग्रहण पाहिले आणि लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला. विजयदुर्गाचे मोठेपण आंग्र्यांच्या आरमारात आहे. त्याला उसन्या हेलियमची गरज नाही. आपल्याला आवडणारी गोष्ट आवडते म्हणून खरी मानायची आणि न आवडणाऱ्या गोष्टीकडे मात्र शंभर पुरावे मागायचे, ही सवय लागली की मग कोणतेही विज्ञान आपल्याला वाचवू शकत नाही. ज्या समाजाला आपल्या वारशाचा खरा अभिमान आहे, त्याने तो वारसा खऱ्याखोट्याच्या कसोटीला सर्वांआधी स्वतःच लावला पाहिजे. कसोटीतून जे उरते तेच पुढच्या पिढीच्या हाती निःशंकपणे देता येते.

ही वृत्ती आपल्याला परकी नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला आणि पुढे शेकडो वर्षे महाराष्ट्रातील पंचांगे त्यावर होत राहिली. त्यांच्यापुढे पूर्वाचार्यांचे अनेक पूज्य सिद्धान्तग्रंथ होते. कोणत्या ग्रंथाचा कोणता ग्रह प्रत्यक्ष आकाशाशी जुळतो हे त्यांनी पाहिले, जो जुळला तो घेतला, जो जुळला नाही तो सुधारला. याला आपले ज्योतिषी 'दृक्प्रत्यय' म्हणतात. पुढे काळाच्या ओघात ग्रहलाघवाची गणितेही आकाशाशी जुळेनाशी झाली, तेव्हा लोकमान्य टिळकांनी शुद्ध पंचांगाचा आग्रह धरला आणि व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्या विद्वानांनी नव्या वेधांवर आधारलेले गणित मराठी मुलखाला दिले. गणेश दैवज्ञांचा यात अपमान झाला नाही. त्यांचाच मार्ग पुढे चालविला गेला. पोथी आणि आकाश यांत अंतर पडले तर पोथी दुरुस्त करायची, ही आपली परंपरा आहे.

तेव्हा सामान्य वाचकाने करायचे काय? प्रत्येकाला प्रयोगशाळा उघडता येणार नाही; आप्तवचनावर, म्हणजे जाणकार आणि प्रामाणिक माणसाच्या शब्दावर, विश्वास ठेवल्यावाचून कोणाचेच जीवन चालत नाही. परंतु वृत्तपत्रात वा मोबाईलवर 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असे वाचले की तीन प्रश्न विचारण्यास कोणतीही पदवी लागत नाही. हे एकाच ठिकाणी आढळले, की दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पडताळून पाहिले? तुलना कोणाशी केली आणि तीत ओल्या इंधनासारखी एखादी उपाधी शिरलेली नाही ना? आणि हे खोटे असते तर ते कशावरून कळले असते, याचे उत्तर सांगणाऱ्याजवळ आहे काय? शतकानुशतके पडताळलेले ग्रहणांचे गणित किंवा जंतूंमुळे होणारे रोग यांना या प्रश्नांचे भय नाही. काल सकाळी जाहीर झालेल्या आहारविषयक संशोधनाला ते असू शकते. विज्ञानाच्या नावाखाली येणाऱ्या साऱ्याच गोष्टी सारख्या वजनाच्या नसतात. हे एकदा उमगले म्हणजे आंधळा विश्वास आणि आंधळा संशय, दोहोंपासून सुटका होते.

संविधानाच्या ५१-क कलमात १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणविण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. तो केवळ शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापुरता नाही. घरात मुलगी किंवा मुलगा जेव्हा 'हे कशावरून?' असे विचारतो, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला गप्प न बसविता 'चल, पाहू' असे म्हटले, तर त्या कर्तव्याचे पालन त्या घरापुरते सुरू झाले असे समजावे. येत्या विज्ञान दिनी रामन यांच्या तसबिरीला हार घालताना त्यांच्या शोधाची ती दुसरी बाजूही मुलांना सांगावी. तोच परिणाम मॉस्कोतही दिसला होता, आणि म्हणूनच कोलकात्यात जे दिसले ते खरे आहे, यावर जगाचा विश्वास दृढ झाला.